वाडीत खाकरून शिरावं

७ ऑक्टोबर, मंगळवार

पोचले एकदाची. ताम्हिणीत ट्रक आडवा झालेला, म्हसळ्यात चहा म्हणून साखरपाणी मिळालं, तरी दिवेआगर मागे पडून रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळ-पोफळी सुरू झाल्या तसा सगळा शीण उतरला. काच खाली केली तर ओल्या पाचोळ्याचा वास. अशा वासाच्या जागी किडे असतातच. मला माणसांपेक्षा किडे लवकर सापडतात, असं आई वैतागून सांगते, आणि त्यात खोटं काही नाही.

काम मजेचं आहे. माझ्या मैत्रिणीच्या, अमिषाच्या संस्थेला वाडीतल्या किड्यांचं सचित्र पुस्तक काढायचंय. मजकूर तिचा, फोटो माझे. दिवाळीच्या गर्दीआधी आटपायचं. पाच वर्षं लग्नांचे फोटो काढून काढून मला हार घातलेल्या माणसांचा उबग आलाय. हे पुस्तक नीट झालं तर पुन्हा लग्नाच्या मांडवात पाऊल टाकणार नाही, असं स्वतःला बजावूनच निघालेय.

घरमालक दिनानाथकाका. पंचावन्नच्या पुढचे, बोलघेवडे, बुकिंग आणि पाहुण्यांनी इंटरनेटवर लिहिलेले अभिप्राय हा त्यांचा आवडता विषय. घर रस्त्याला लागून आणि मागे वाडी थेट समुद्राकडे उतरत गेलेली. वाडीच्या पार टोकाला त्यांनी एक सुटी खोली बांधली आहे, पुढे पत्र्याची पडवी. मी म्हटलं, मला तीच द्या, दार उघडलं की किडे. काका घुटमळले. ती खोली ग्रुपला देतो म्हणाले, एकट्या माणसाला तिथे करमत नाही. एकटी बाई म्हटली की लोकांच्या घशात घास अडकतो, हे मला नवीन नाही. मी हट्टच धरला. त्यांची सून सुचिता काकांकडे बघत होती. शेवटी चावी दिली आणि म्हणाले, "ताई, वाडीतून जाता-येताना जरा खाकरत जावा. जनावर असतं."

जनावर म्हणजे साप. सापाला खोकल्यापेक्षा पावलांची धमक आधी कळते, हे वाडीत जन्म काढलेल्या माणसाला ठाऊक नसावं? मी मान डोलावली. वाद घालायला खूप दिवस आहेत.

८ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी वाडी पायाखाली घातली. निसर्ग वादळात निम्म्याहून जास्त झाडं आडवी झाली होती, त्या जागी लावलेल्या पोफळी आता कुठे डोक्यावर गेल्यात. फक्त विहिरीपाशी एक तुकडा जुनाच उभा आहे. तिथे पोफळी उंच, त्यांवर मिरीचे वेल, खाली जायफळ, आणि विहिरीवर तेवढं आभाळ उघडं. वादळात तिथलं एक पानही कसं पडलं नाही, विचारलं तर काका म्हणाले, वाऱ्याची दिशा. आणि लगेच नाश्त्याला आंबोळ्या आवडतात का, ते विचारायला लागले.

मला तोच तुकडा पसंत पडला. किती प्रकारचे कोळी, किती ढेकणांसारखे किडे, पानाच्या मागे दडलेले नखाएवढे हिरवे झळझळीत ढालकिडे. अमिषाला फोटो पाठवले तर तिचा फोनच आला.

एक गंमत लिहायची राहिली. इथे सगळ्यांना खोकला झालाय. झावळ्या गोळा करायला येणारी शकूमावशी खाकरते, काका खाकरतात, सुचिता कपडे वाळत घालायला वाडीच्या तोंडाशी आली तरी आधी घसा साफ करते. घरात मात्र कोणी खोकत नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज कोळी. उडी मारणारा, करंगळीच्या नखात मावेल एवढा, पुढे दोन मोठे काळे डोळे. जायफळाच्या पानावर बसून माझ्याकडे बघत होता. माझी मॅक्रो लेन्स त्याला खऱ्या मापाएवढा उतरवते. त्याहून मोठा हवा तर आणखी पुढे सरकायचं, आणि सरकलं की तो पसार. म्हणून कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये टेलिकन्व्हर्टर लावला. तो लोक पक्ष्यांसाठी घेतात. मी मॅक्रोला लावणार म्हटल्यावर दुकानदार हसला होता. पण हिशोब सोपा आहे, मी आहे तिथेच राहते आणि कोळी दुप्पट होतो. कन्व्हर्टरची पुढची काच लेन्सला टेकते, म्हणून मध्ये एक पोकळ नळी घालावी लागते, एवढंच.

फुकट मात्र काही मिळत नाही. उजेड चौथाई उरतो, म्हणून फ्लॅश आणि त्यावर माझी घरी केलेली ट्रेसिंग पेपरची छत्री. कोळी दुप्पट होतो तशी हाताची थरथरही दुप्पट होते. मग गुडघे रोवायचे, कोपर पोटाशी घ्यायचं, श्वास रोखायचा आणि एकामागून एक फोटोंची सरच सोडायची. मी अशी अर्धा अर्धा तास बसू शकते. फुलपाखरं येऊन मनगटावर बसतात. या एका गोष्टीचा मला गर्व आहे.

आज बसले. श्वास रोखला. सर सुरू झाली आणि मागून कोणीतरी जोरात खाकरलं. कोळी उडाला. वळून बघितलं तर वाडीच्या बेड्यापाशी, म्हणजे त्या आडव्या बांबूंच्या फाटकाशी, काका उभे. हात हलवला आणि गेले. असं तीनदा झालं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आजही तेच. मी स्थिर झाले की कुठूनतरी काका उगवतात आणि खाकरतात. जवळ येत नाहीत, बोलत नाहीत. विचारलं तर म्हणाले, सुपारीच्या कोंड्याचा त्रास आहे. ऑक्टोबरात कसला कोंडा?

दुपारी लॅपटॉपवर फोटो बघत होते. कन्व्हर्टरची कमाल आहे. कोळ्याचा डोळा आता नुसता काळा ठिपका नाही. त्यात माझी पांढरी छत्री दिसते, छत्रीमागे मी, माझ्यामागे विहिरीवरचं आभाळ. आणि त्या आभाळावर, माझ्या उजव्या खांद्यामागे, आणखी एक माणूस.

मोठं करून बघितलं. चेहरा कळत नाही, पण उभा आहे. फाटकाशी नाही. फाटक डाव्या हाताला येतं. हा विहिरीच्या बाजूला आहे, माझ्या पाठीशी.

म्हणजे काका फाटकातून आत येतात, मी श्वास रोखलेला असतो तेव्हा मागे येऊन उभे राहतात, आणि मग परत जाऊन साळसूदपणे खाकरतात. अंगावर काटा आला, मग संताप आला. रात्री दाराला कडी घालून वर खुर्ची लावून झोपणार आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज मीच पाळत ठेवली. काल-परवाचे सगळे फोटो चाळले. कोळ्याचे डोळे, ढालकिड्याची पाठ, मिरीच्या पानावरचा थेंब, जे जे चकचकीत होतं त्यात तो आहे. गुरुवारी लहान. शुक्रवारी मोठा. फोकस मी बदलला नव्हता, जागाही जवळपास तीच. म्हणजे तो पुढे आलाय.

मुद्दाम नुसतीच बसले आणि दर थोड्या वेळाने मागे बघितलं. काही नाही. वळून बघणाऱ्या बाईच्या मागे कोण उभं राहील?

अमिषाला सांगितलं. ती म्हणाली, पुढच्या घरात राहायला जा नाहीतर सरळ निघून ये, पुस्तक मेलं. तिचं प्रेम कळतं. पण एका म्हाताऱ्याला घाबरून मी काम अर्धवट टाकायचं आणि परत मांडवात जायचं? मी नाही जाणार. उद्या त्यांच्या सुनेसमोरच विषय काढते.

१२ ऑक्टोबर, रविवार

काढला. घावनांचं ताट पुढे होतं, सुचिता चटणी वाढत होती. म्हटलं, काका, तुम्ही माझ्या मागे येऊन उभे राहता ते मला माहीत आहे. माझ्याकडे फोटो आहेत. यापुढे मी वाडीत असताना तुम्ही तिकडे फिरकायचं नाही, आणि ते खोकणंही बंद. नाहीतर मी हे सगळं तुमच्या घराच्या अभिप्रायात लिहीन.

काकांचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं ते चिडतील, नाकारतील. ते म्हणाले, मी फाटकाच्या आत एकदाही आलो नाही. मग सुचिताकडे बघितलं. ती म्हणाली, "बाबा, सांगा ना त्यांना काय ते." काका म्हणाले, "काय सांगू? उद्या लिहितील, दिवाळीला कोण येल हितं?" मला म्हणाले, बरं ताई, नाही खाकरणार.

मी जिंकले होते. तरी घावन तसंच ताटात ठेवून उठले. सुचिता काय सांगायला लावत होती ते विचारायला हवं होतं. पण मला वाटलं की आता सासऱ्याच्या आजारपणाच्या, म्हातारपणाच्या कहाण्या ऐकवतील आणि मी विरघळेन.

१३ ऑक्टोबर, सोमवार

काका सकाळीच श्रीवर्धनला गेले, दिवाळीचं सामान भरायला. वाडीत चिटपाखरू नाही. शकूमावशीही आली नाही. खोकला नाही, पावलं नाहीत. विहिरीपाशी बसले ती दुपार कलेपर्यंत उठले नाही. आयुष्यात असे फोटो काढले नव्हते. कोळी बसून राहिला. त्याच्या पापणीसारख्या केसांवरचे परागकणसुद्धा मोजता येतील. मी इतकी गप्प होते की मलाच माझा विसर पडला.

नंतर —

लॅपटॉप उघडला. डोळ्यात छत्री आहे, मी आहे आणि तो माझ्या खांद्याला लागून आहे. आभाळ जवळजवळ झाकलंय. त्याने गुडघे रोवलेत. कोपर पोटाशी. तो माझ्यासारखा बसलाय.

लॅपटॉप काखेत मारून धावत पुढच्या घरी गेले. काका कधी आले, म्हणून सुचिताला विचारलं. आले नाहीत म्हणाली. मी विश्वास ठेवला नाही तेव्हा तिने फोनवर व्हिडिओ कॉल लावून दिला. काका श्रीवर्धनच्या बाजारात उभे, मागे आकाशकंदील टांगलेले, हातात पिशव्या. सकाळपासून तिथेच होते. सुचिता म्हणाली, ताई, आज इथेच झोपा.

तिच्या पलंगाशेजारी गादी टाकून झोपतेय. कॅमेरा, लेन्स, हार्ड डिस्क, सगळं तिकडे खोलीत राहिलंय. सुचितासमोर मला रडू आलं, हे लिहायला लाज वाटत नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी लॅपटॉप मांडीवर घेऊन गुरुवारची सर एकेक करून बघितली. काकांच्या खोकल्याने बिघडलेली म्हणून मी ती डिस्कवर न घेता लॅपटॉपवरच बाजूला टाकली होती.

डोळ्यात दोन माणसं आहेत. एक डावीकडे दूर, पांढऱ्या बनियनमध्ये, फाटकाशी. ते काका. दुसरा उजवीकडे, माझ्या पाठीशी. पुढच्या फोटोत कोळी बिचकलाय, म्हणजे काका खाकरले. त्याच फोटोत दुसरा मागे सरकलाय. त्याच्या पुढच्यात विहिरीपलीकडे.

तिन्ही वेळा तसंच. शुक्रवारीही तसंच. काका खाकरतात आणि तो मागे सरतो.

काका माझ्यासाठी खाकरत होते. माझ्या वाटचं. आणि मी त्यांना त्यांच्याच ताटावर —

शकूमावशी अंगणात आली होती. तिला विचारलं. ती इकडेतिकडे बघून म्हणाली, "जागेवाला हाय तो. मानूस खाकरला की त्याला कलतं, मानूस हाय, वाट द्याची. आमी बोलत जातो, खाकरत जातो. गप कोन न्हाय बसत." मी विचारलं, गप्प बसलं तर? ती म्हणाली, "गप बसतो तो वाडीचा." मग माझ्याकडे न बघता विचारलं, किती दिवस बसलात?

सामान आणायला ती माझ्याबरोबर यायला तयार नाही. सुचिता सकाळीच माहेरी हरिहरेश्वरला गेली, आजी आजारी आहे. काका रात्री श्रीवर्धनलाच राहिले. दुपारपर्यंत येतील. थांबायला हवं. पण डिस्कमध्ये सगळं पुस्तक आहे. भर उन्हात, लख्ख उजेडात, पाच मिनिटांचं काम. खाकरत जाईन, खाकरत येईन.

नंतर. खोलीत.

फाटकाशी खाकरले. काही नाही. अर्ध्या वाटेत पुन्हा. विहिरीपाशी तिसऱ्यांदा, चांगली जोरात.

विहिरीमागून कोणीतरी खाकरलं.

काकांचा आवाज नाही. शकूमावशीचा नाही. माझा. माझ्यासारखा. नुकतं शिकलेलं माणूस करून बघतं तसा.

पळत खोलीत आले. कडी लावली.

थोड्या वेळाने

काकांना फोन लागला. सगळं सांगितलं. माफी मागितली. त्यांनी माफीचं काही ऐकून घेतलं नाही. विचारलं, तुम्ही खाकरलात तेव्हा तो मागे गेला की नाही? मी म्हटलं, नाही, त्याने उत्तर दिलं. ते म्हणाले, असं कधी ऐकलं नाही. असं गप्प इतकं कोणी तिथे बसलंच नव्हतं.

ते निघालेत. फाटकापासून खाकरत येतो म्हणाले, सारखा खाकरत, म्हणजे मला कळेल. तोवर दार उघडायचं नाही.

बॅग भरली. कन्व्हर्टर काढून ठेवला.

खिडकीच्या फटीतून नुसत्या पोफळी. काही हलत नाही. तो हलणार नाही. मी तरी कुठे हलत होते.

आले. काका आले. फाटकाशी खाकरले. पुन्हा. जवळ येतायत. देवा. पहिल्यांदा त्या खोकल्याने बरं वाटलं.

विहीर ओलांडली. खाकरतायत. कडीवर हात —

फोन वाजला. काका.

बोर्लीच्या बाजारात गाडी अडकलीय म्हणाले. दिवाळीची गर्दी. अजून पाऊण तास. ताई, बाहेर कोणी खाकरलं तर —

ऐकू येतंय म्हटलं. ते म्हणाले, बोलू नका. मग म्हणाले, नाही, बोला. मग म्हणाले, मला माहीत न्हाय ओ ताई, मला खरंच माहीत न्हाय. फोन कापला गेला. लागत नाही.

पडवीत आहे.

पत्र्याखाली उभं राहून खाकरतोय. काकांसारखं. मग शकूमावशीसारखं. मग माझ्यासारखं. मग थांबतो. उत्तराची वाट —

दिलं तर त्याला कळेल मी आत आहे. गप्प राहिले तर मी वाडीची.

गप्प बसलेय. मला येतं ते. गुडघे रोवून. श्वास रोखून.

बाहेरही आता आवाज नाही. श्वासाचाही. त्यालाही येतं.

घशात खवखवतंय. पाणी तिकडे टेबलावर, हलायचं नाही. खवखव वाढतेय. डोळ्यांतून पाणी. तोंडावर उशी दाबलीय, एका हाताने लिहितेय, दाबून धरते, अजून थोडा, काका येईपर्यंत, फक्त तेवढा वेळ, पण खोकला वर येतोय, आता नाही धरवत, आता —